लेझर करू की कापून घेऊ? आधी हिमोग्लोबिन बघा

पत्र असं आहे:

"मॅडम नमस्कार. मी ४६ वर्षांची, सांगलीजवळ राहते, पोळीभाजी केंद्र आहे माझं. पहाटेपासून दुपारपर्यंत शेगडीपुढे उभीच. मूळव्याध धाकट्याच्या बाळंतपणापासून आहे, तेव्हा चिमटा लावून काढलं होतं त्याला. आधी कोंब बाहेर यायचे नि आपोआप आत जायचे, मग बोटानं ढकलायला लागायचे, आता वर्षभर झालं बाहेरच असतात, ढकलून पण जात नाहीत, ओलं ओलं राहतं म्हणून पॅड लावून काम करते. रक्त रोज. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ७.८ आलं. इथले सर्जन म्हणाले कापून काढावे लागतील. पुण्याच्या एका लेझर सेंटरला फोन केला तर म्हणाले अर्ध्या तासाचं काम, दुखत नाही, दुसऱ्या दिवशी कामाला लागा. दीर म्हणतात क्षारसूत्र कर, कापाकापी नको. मिस्टर म्हणतात दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी होऊ देत मग बघू. शेजारच्या काकूंना ऑपरेशन करून परत झालं, आणि ओळखीत एकांचा तर संडासवरचा कंट्रोलच गेला म्हणे. मला खरं काय ते सांगा."

ताई नमस्कार.

तुम्ही लेझर, कापणं, क्षारसूत्र सगळं विचारलंत पण मी अडकले ती त्या ७.८ वर. त्याच्यावर तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, आणि घरात पण तसंच झालं असणार, 'रक्त कमी आहे, बीट खा खजूर खा' म्हणून विषय संपला असेल. म्हणून सुरुवात तिथूनच करू, ऑपरेशन कुठलं ते नंतर.

रोज रक्त जातंय म्हटल्यावर हिमोग्लोबिन उतरणारच, त्यात नवल नाही. पण वय ४६, हिमोग्लोबिन आठच्या खाली आणि संडासवाटे रक्त हे तिन्ही एकत्र आलं की 'मूळव्याध आहे ना, मग त्याचंच असेल' असं धरून चालत नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पण असंच रक्त देतो आणि ज्याला आधीपासून मूळव्याध आहे त्याचा तो उशिरा सापडतो, कारण पेशंट आणि डॉक्टर दोघंही कोंबांवर खापर फोडून मोकळे होतात. तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तुमच्या पत्रातल्या खुणा सगळ्या मूळव्याधीच्याच आहेत, तरी ऑपरेशनच्या आधी एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं आतून बघायची तपासणी, करून घ्याच. खरा त्रास आदल्या दिवशीचा, ते पोट साफ करायचं औषध पाण्यातून प्यायचं आणि मग घर ते संडास चकरा मारायच्या, तपासणी स्वतः झोपेचं इंजेक्शन देऊन करतात, बहुतेकांना काही आठवत पण नाही. ज्यांनी फोनवर, न बघता, तुम्हाला पॅकेज सांगितलं त्यांनी हिमोग्लोबिन किती आहे हे विचारलं होतं का हो? नसणारच.

आणि पाळीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. या वयात पाळी जास्त जाणं, गाठी पडणं हे इतकं घरोघरी असतं की बायका ते आजार म्हणून सांगतच नाहीत. खालून दोन्हीकडून रक्त जात असेल तर कोंब काढले तरी हिमोग्लोबिन परत उतरेल आणि मग 'ऑपरेशन करून पण फरक नाही' असं होऊन बसेल. तेवढं बघून घ्या, लागलं तर एक सोनोग्राफी.

आता हे भरून कसं काढायचं. बीट-खजुरानं ७.८ चं ११ होत नाही, स्पष्टच सांगते. लोहाच्या गोळ्या चालतात पण कित्येकांना त्यानं संडासला कडक होतं, म्हणजे तुमच्यासाठी दुखऱ्या जागेवरच मार, आणि रोज जेवढं जातंय तेवढंच जेमतेम भरतं. तुमच्या ठिकाणी मी शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलले असते, सलाईनमधून देतात, हल्लीच्या औषधात एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत जातं, आणि तीन-चार आठवड्यात आकडा चांगला वर येतो. रक्त चढवायची घाई नको, ते साधारण सातच्या खाली गेलं किंवा दम लागणं, छातीत धडधड, चक्कर असं असेल तर बघतात. गोळ्याच चालू केल्या तर संडास काळी होईल, ती लोहामुळे असते, त्याला घाबरू नका.

म्हणजे बघा, मिस्टरांचं 'दिवाळी झाल्यावर' हे बरोबरच निघालं, कारण वेगळं असलं तरी. लोह आत्ता या आठवड्यात, स्कोपी आत्ता, आणि ऑपरेशन आकडा दहाच्या वर आला की. फराळाच्या ऑर्डरी मात्र अर्ध्याच घ्या, ७.८ वर चकल्यांचा सोऱ्या दाबत बसायचं म्हणजे चेष्टा नाही. मध्येच नळ सुटल्यासारखं रक्त आलं, किंवा कोंब एकदम टणक काळेनिळे होऊन बसवेना झालं, तर दिवाळी बिवाळी बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

बरं, आता तुमचा मूळ प्रश्न. मूळव्याधीच्या पायऱ्या चार. नुसतं रक्त, बाहेर काही नाही, ही पहिली. कुंथताना बाहेर येऊन आपोआप आत, दुसरी. बोटानं ढकलावं लागतं, तिसरी. ढकलून पण जात नाही, चौथी. तुम्ही पत्रात दुसरीपासूनच्या पायऱ्या क्रमानं लिहून दिल्यात, आणि आता चौथीवर उभ्या आहात. ही पायरी ठरली की निम्मे पर्याय आपोआप गळतात, मग कोण काय म्हणतंय याला फारसा अर्थ राहत नाही. (अर्थात हे पत्रावरून. पक्कं तपासल्यावरच.)

आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण 'दुखत नाही' या जाहिरातीचं सगळं गुपित तिच्यात आहे. गुदद्वाराच्या आत साधारण दोन सेंटीमीटरवर एक दातेरी रेघ असते. रेघेच्या वरच्या अस्तराला टोचलं, बांधलं, जाळलं तरी दुखत नाही, तिथं तशी जाणीवच नाही. रेघेच्या खाली जी त्वचा आहे तिला मात्र सुईचं टोक लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं. म्हणून जे जे इलाज रेघेच्या वर होतात ते कमी दुखतात आणि ज्यात खालच्या त्वचेला हात लावावा लागतो ते दुखतात, मग हातात सुरी असो, लेझर असो नाहीतर क्षारसूत्राचा दोरा असो. तुमचे कोंब वर्षभर बाहेर आहेत म्हणजे खालचा, त्वचेचा भाग पण त्यात ओढला गेलाय, फुगलाय, जाड झालाय. तिथं हात न लावता तुमचं काम होणार नाही. आणि हात लावला की दुखणार. याच्यातून सुटका करणारं मशीन अजून आलेलं नाही.

आता एकेक घेते, काहींवर वेळ घालवणार नाही. रबर बँड, म्हणजे कोंबाच्या मुळाशी रबराची बारीक रिंग बसवतात, आठवड्याभरात तो वाळून पडतो. ओपीडीत होतं, स्वस्त, दुसऱ्या पायरीला आणि तिसरीतल्या बऱ्याच जणांना उत्तम, आणि खरं तर यातल्या कितीतरी लोकांना बँड पुरला असता पण त्यांना थेट लेझरच्या टेबलावर नेलेलं असतं. तुमच्यासाठी नाही, त्वचेवर रिंग बसली तर किंचाळाल. फिनॉलचं इंजेक्शन पहिल्या-दुसऱ्या पायरीचं, सोडून द्या. डॉप्लरनं आवाज ऐकून रक्तवाहिन्या बांधतात ते जपानमध्ये १९९५ साली निघालं, चांगलं आहे, पण ते पण दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला.

स्टेपलर. हा तुम्हाला कुणीतरी सुचवेलच, मोठ्या हॉस्पिटलात त्याला एमआयपीएच म्हणतात. इटलीतल्या लोंगो नावाच्या सर्जननी १९९८ च्या सुमारास आणला. यात कोंब कापतच नाहीत, रेघेच्या बऱ्याच वर आतल्या अस्तराची एक गोल पट्टी काढतात आणि तिथंच टाचण्या मारतात, म्हणजे खाली ओघळलेलं सगळं निऱ्या वर खोचल्यासारखं वर ओढलं जातं. वरच काम असल्यानं दुखणं कमी, कामावर लवकर, म्हणून एकेकाळी सगळीकडे त्याचीच हवा होती. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडकडे ७७७ पेशंटांवर मोठी तुलना झाली, स्टेपलर विरुद्ध जुनं कापायचं ऑपरेशन, ती २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पहिले काही आठवडे स्टेपलरवाले खूश, पण दोन वर्षांनी बघितलं तर कोंब परत येणं, सारखी संडासची भावना होत राहणं हे स्टेपलरवाल्यांत जास्त, आणि एकंदर बरं वाटणं जुन्या ऑपरेशनवाल्यांत जास्त, शिवाय खर्च पण त्यात कमी. बाहेरची जाड झालेली त्वचा तर स्टेपलरनं जातच नाही. शेजारच्या काकूंना 'करून परत झालं' म्हणताय, त्यांचं नेमकं काय केलं होतं ते विचारा एकदा. फाईल असेल तर बघा. 'ऑपरेशन' या एका शब्दात लोक बँडपासून स्टेपलरपर्यंत सगळं बसवतात.

लेझर. इथं मला थोडं चिडायला होतं. 'लेझर' म्हणून जे विकलं जातं ते एक नसतंच. खरं लेझर म्हणजे केसाएवढी नाही पण बऱ्यापैकी बारीक फायबर कोंबाच्या आत घालायची, १४७० नॅनोमीटरचा किरण सोडायचा, आतून कोंब आकसतो, कापाकाप नाही. दुसऱ्या पायरीला आणि लहान तिसरीला हे ठीक आहे, दुखणं कमी, हे मी नाकारत नाही. पण मोठे, जुने, बाहेर पडून निबर झालेले कोंब आतून शेकून आकसत नाहीत, वर सूज येते, आणि परत येण्याचं प्रमाण चौथ्या पायरीत जास्त. मग काही ठिकाणी काय करतात तर सुरीऐवजी लेझरनं कापतात. ते झालं कापायचंच ऑपरेशन, दुखणं पण तेच, बिल मात्र लेझरचं. तर सेंटरवाल्यांना एवढंच विचारा: 'माझे चौथ्या स्टेजचे आहेत, तुम्ही फायबर आत घालणार की लेझरनं कापणार, आणि बाहेरच्या कातडीचं काय करणार?' फोनवरचा माणूस सेल्सचा असेल, तो 'मॅडम तुम्ही या तर' म्हणेल. मग कळलं काय ते.

क्षारसूत्राबद्दल दिरांना सांगा की त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही, पण 'कापाकापी नाही म्हणून दुखत नाही' हे चुकीचं आहे. सुश्रुतानं अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, चार उपाय सांगितलेत, भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र, म्हणजे औषधानं भागत नसेल तर पुढे काय हे त्याला पण माहीत होतं, शस्त्र त्यानं यादीतून गाळलेलं नाही. थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक २१ लेप दिलेला तो दोरा भगंदराला चांगलाच लागू पडतो, भारतात त्यावर मोठा अभ्यास झालाय. मूळव्याधीत तो कोंबाच्या मुळाशी बांधतात, भूल देऊनच, पाच-सात दिवसांत कोंब गळून पडतो, आणि तुमच्यासारख्यांत त्वचेचा भाग असेल तर आधी तिथं चीर द्यावीच लागते. तर जखम ती जखमच. आयुर्वेदात शल्यतंत्र घेऊन एमएस केलेला, रोज हेच काम करणारा वैद्य असेल, भूल आणि रक्ताची सोय असलेलं हॉस्पिटल असेल तर तो पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मूळव्याध-भगंदर बिना ऑपरेशन एका इंजेक्शनात गायब' असं लिहिलेलं असतं त्यांच्या वाटेला कुणी गेलं तर पायात पाय घालून अडवा. ते काय टोचतात ते त्यांनाच ठाऊक, कोंबाबरोबर आजूबाजूचं मांस सडतं आणि नंतर वाट इतकी आकसते की करंगळी जात नाही. असे पेशंट आम्ही बघतो.

राहिलं तुमच्या सांगलीच्या सर्जननी सांगितलेलं. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. कापून काढण्याचं हे ऑपरेशन लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातल्या मिलिगन आणि मॉर्गन या दोघांनी १९३७ साली नीट मांडलं, तेव्हापासून आजपर्यंत मोठ्या, बाहेर राहणाऱ्या मूळव्याधीला याच्याइतकं टिकणारं दुसरं निघालेलं नाही. करतात काय, तर कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. कोंब मुख्य तीन असतात. एकेक चिमट्यात धरायचा, त्वचेवर इंग्रजी व्ही सारखी चीर द्यायची आणि मग कोंब अलगद सोडवत वर न्यायचा, खाली पांढऱ्या आडव्या तंतूंचा स्नायू दिसायला लागतो, तोच तुमचा कंट्रोलचा आतला स्नायू, त्याला धक्का न लावता तसाच खाली सोडून द्यायचा, मुळाशी रक्तवाहिनी विरघळणाऱ्या टाक्यानं बांधायची आणि कोंब कापायचा. असं तीनदा. दोन जखमांच्या मध्ये चांगल्या त्वचेची पट्टी ठेवायचीच ठेवायची, ती राखली नाही तर भरून येताना वाट अरुंद होते. जखमा उघड्या ठेवल्या तर मिलिगन-मॉर्गन, टाके घालून बंद केल्या तर फर्ग्युसन, दोन्हीत फार फरक नाही, सर्जनचा हात ज्यात बसलाय ते करू द्या. तुमच्या सर्जनकडे किंवा जिल्ह्याच्या हॉस्पिटलात लिगाशुअर असेल तर ते विचारा, त्यात वीज वापरून रक्तवाहिनी सील करत करत कापतात, रक्त कमी जातं, वेळ कमी लागतो आणि पहिल्या आठवड्याचं दुखणं थोडं कमी असतं, हे अभ्यासांतून चांगलं दिसलंय. तुमचं हिमोग्लोबिन बघता रक्त कमी जाणं हा पण फायदाच. नसेल तर अडून बसू नका.

आता दुखण्याचं, कारण तुम्ही खरं सांगा म्हणालात. दुखतं. पहिल्या दिवशी बधिरपणा असतो म्हणून वाटतं हात्तिच्या, एवढंच का. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा संडासला जाताना घाम फुटतो, बायका सांगतात बाळंतपण परवडलं. पहिला आठवडा वाईट, दुसरा बरा, तिसऱ्यात आपण आपलं काम करत असतो, जखम पूर्ण भरायला मात्र चार ते सहा आठवडे. पण यातलं निम्मं दुखणं हे नीट तयारी नसल्यामुळे असतं आणि ते टाळता येतं. सर्जनला आधीच विचारा की ऑपरेशन संपताना तिथं लांब टिकणारं बधिर करायचं औषध देणार का. नंतर पॅरासिटामॉल आणि त्याच्या जोडीचं दुखण्याचं औषध घड्याळ लावून घ्यायचं, कळ आल्यावर नाही, कळ यायच्या आधी. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांनी पण दुखणं कमी राहतं, आणि डिल्टियाझेमचं मलम लावलं की आतला स्नायू सैल पडतो, कारण कळ बरीचशी त्या स्नायूच्या आवळण्याची असते. ट्रॅमाडोलसारखं दिलं तर सांगा की मला कडक होतं, त्यानं बद्धकोष्ठ होतो.

पोट मऊ ठेवायचं औषध ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून, नंतर नाही. लॅक्टुलोज रात्री, आणि इसबगोल घेतलंत तर मोठं भांडं भरून पाणी वरून प्यायचं, बायका चमचाभर इसबगोल घोटभर पाण्याबरोबर घेतात आणि मग म्हणतात आणखीनच कडक झालं. दोन वेळा आणि प्रत्येक संडासनंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, नुसतं कोमट, त्यात डेटॉल, तुरटी, पोटॅश काही नको. भीतीनं जेवण तोडू नका, 'खाल्लंच नाही तर जावं लागणार नाही' हे सगळ्यांच्या डोक्यात येतं आणि चौथ्या दिवशी जो खडा येतो त्यानं सगळं मुसळ केरात. सुरण, ताक, भाकरी खुशाल खा, सुरणाला तर आयुर्वेदात नावच अर्शोघ्न आहे. फक्त सुरणानं चौथ्या पायरीचे कोंब आत जात नाहीत.

घरी गेल्यावर लक्ष ठेवायचं ते थोडक्यात. पुसताना थोडं रक्त, पिवळसर पाणी महिनाभर चालतं. पण सातव्या ते चौदाव्या दिवसात कधी कधी आतला टाका सुटून एकदम रक्त येतं, गाठी पडायला लागल्या तर थांबायचं नाही, रात्री दोन वाजले असले तरी जायचं, म्हणून ते दोन आठवडे गावाबाहेर, लग्नाकार्याला जाऊ नका. आणि ताप येऊन लघवी अडली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, तर लगेच. तसं पहिल्या रात्री नुसती लघवी अडणं बऱ्याच जणांना होतं, कमरेच्या इंजेक्शनमुळे, त्याला नळी घालून मोकळं करतात, घाबरू नका.

कंट्रोल जाण्याची भीती. कोंब काढताना स्नायू सांभाळला तर कायमचा कंट्रोल जाणं फार क्वचित, सुरुवातीचे काही आठवडे गॅस रोखायला जड जातं तेवढं. पूर्वी भूल देऊन वाट बोटांनी ताणून रुंद करायचे, १९६८ मध्ये लॉर्ड नावाच्या इंग्लिश सर्जननी ते प्रसिद्ध केलं होतं, त्यात स्नायू फाटून कंट्रोल गेलेले कितीतरी निघाले म्हणून ते मागे पडलं. तुमच्या ओळखीतल्यांचं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहिलीय आणि ती फार कामाची आहे, धाकट्याला चिमटा लावला होता. चिमट्याच्या बाळंतपणात हा स्नायू आतून थोडा फाटलेला असू शकतो, वरून टाके घातले तरी, आणि तो इतकी वर्षं कसाबसा भागवत असतो. आत्ता खोकताना गॅस सुटतो का, जुलाब झाले तर घाई होते का, कपडे खराब होतात का, हे स्वतःशी बघा आणि सर्जनला न विचारता सांगा. ते मग बोट घालून जोर तपासतील, शंका वाटली तर आतली सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतील. आणि त्यांना स्पष्ट म्हणा की 'कोंबांबरोबर स्नायूला पण चीर देऊन टाकू' असं तुमच्यात नको, फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, असला तरी आधी मलमानं बघू.

लाजेचं तुम्ही लिहिलं नाही तरी मला माहीत आहे, धाकट्याच्या बाळंतपणापासून आत्तापर्यंत कुणाला दाखवलं नाहीत त्याचं कारण दुसरं काय असणार. तपासणीत डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी, अंगावर चादर, लागतो तेवढाच भाग उघडा, मिनिटा-दोन मिनिटांचं काम. सिस्टर सोबत उभी राहू दे असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. लेडी सर्जन हवी असेल तर सांगली-मिरजेत मिळणं अवघड नाही, मिरज तर दवाखान्यांचंच गाव, तिथल्या मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात पण हे ऑपरेशन होतं, खर्चाचं बघायचं असेल तर.

पैशांवरून आठवलं, मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा, बऱ्याच पॉलिसींत मूळव्याधीला पहिली २ वर्षं काही मिळत नाही, आणि घेताना आजार लपवला असेल तर नंतरही अडवतात. नवीन पॉलिसी काढून दोन वर्षं थांबू असा विचार मनात आला असेल तर नको. अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात भूलतज्ज्ञ, औषधं, मशीन सगळं धरलंय का ते विचारा.

कामाचं म्हणाल तर लेझरवाल्यांचं 'दुसऱ्या दिवशी' विसरा. दोन आठवडे पूर्ण घरी, तिसऱ्या आठवड्यात गल्ल्यावर बसा, रबरी रिंगवर नाही, मऊ उशीवर, रिंगनं उलट त्या भागावर ताण येतो. कणकेचे डबे, सिलिंडर उचलणं महिनाभर दुसऱ्यांनी. उभं राहणं हळूहळू वाढवा, मध्ये मध्ये पाच मिनिटं टेका. आणि पहाटे घाईघाईत संडासला बसून कुंथत राहायची सवय असेल, मोबाईल घेऊन बसायची असेल, तर ती आत्तापासून सोडा, आलं तर आलं नाहीतर उठा. परत होण्याचं म्हणाल तर या ऑपरेशननंतर ते सगळ्यांत कमी, पण बद्धकोष्ठ तसाच ठेवला तर नवे कोंब तयार व्हायला जागा असतेच.

तर उद्या सकाळी सांगलीच्या त्याच सर्जनना फोन करा, स्कोपी आणि शिरेतल्या लोहाची तारीख घ्या, आणि चिमट्याचं नि पाळीचं त्यांना सांगा. स्कोपीत काय निघालं आणि लोहानंतर आकडा किती आला ते मला पण कळवा, त्यात काही वेगळं दिसलं तर वर लिहिलेलं सगळं परत बघावं लागेल.